माळ्यावरचा बास आणि दोन तोळ्यांच्या पाटल्या

पोळ्याला मी दरवर्षी पांढुर्ण्याला जाते. नोकरी पुण्याची, पण पोळा आणि गोटमार हे दोन दिवस आजोळचे. यंदा मामींनी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, "येशीन तवा तुहा तो स्क्रूडायवर-बिवर घेऊन ये. मामाजीचं माळ्यावरचं गिटार काढाचं हाये. तुले समजते त्यातलं."

मामाजींना जाऊन तीन वर्षं झाली. ते विजेच्या खात्यात लाइनमन होते आणि गणपती ते दिवाळी एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचे. आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांना तो काळ आठवत असेल. पांढुर्णा, सौसर, मोहगाव, लोधीखेडा, तिकडे काटोल-नरखेडपर्यंत रात्र-रात्र कार्यक्रम चालायचे. सौसरहून नागपूरला जाणारी छोटी गाडी होती तेव्हा. मामाजी त्या गाडीत खिडकीशी बसून गिटार दोन पायांत उभी धरायचे, असं आई सांगते. पुढे धुमाल आला, कीबोर्डवाला डाव्या हातानेच बास वाजवू लागला, आणि चार तारांच्या माणसाला वेगळे पैसे कोण देणार? गिटार माळ्यावर गेलं. मी आठवीत असताना त्यांनी ते एकदा खाली काढून माझ्या हातात दिलं होतं. मी आज ऑफिसच्या बँडमध्ये बास वाजवते त्याचं मूळ तिथे आहे.

तर प्रश्न विकण्याचा होता. मामेबहीण नर्सिंगला आहे, तिच्या फीचा दुसरा हप्ता दहा सप्टेंबरला भरायचा होता आणि वीस हजार कमी पडत होते. संत्र्याच्या आंबिया बहाराची गळ झाली होती, त्यामुळे व्यापाऱ्याकडून उचल मागण्यासारखी स्थिती नव्हती. मामींनी घरात नजर फिरवली आणि ती माळ्यावर जाऊन थांबली.

मी पोचले तेव्हा त्या गिटारच्या तीन किमती आधीच ठरलेल्या होत्या.

पहिली नागपूरच्या एका माणसाची. मामेभावाने फोटो पाठवल्यावर त्याने तीन हजार सांगितले होते, तेही "बघून". दुसरी मामेभावाची स्वतःची. गिटारच्या डोक्यावर एका जगप्रसिद्ध अमेरिकन कंपनीचं नाव होतं, ते टाकून त्याने इंटरनेटवर शोधलं आणि सत्तरच्या दशकातले तसे बास अडीच-तीन लाखांना लावलेले पाहिले. तेव्हापासून तो गिटारला हात लावताना हात धुऊ लागला होता. तिसरी किंमत मामींची. ती त्यांनी मोठ्याने सांगितली नाही, संध्याकाळी स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटताना हळूच म्हणाल्या, "माह्या पाटल्या मोडून घेतलं होतं ते. सत्त्यांशी साली. दोन तोळ्याच्या होत्या. त्याईनं सांगितलं, हे सोन्यापरीस चांगलं राहीन."

दोन तोळे म्हणजे तेव्हाच्या भावाने दोन लाखांच्या आसपास. मामेभावाचा आकडा आणि मामींचा आकडा योगायोगाने जुळत होता, म्हणून तर घरात एवढी आशा होती. पण मामींना फक्त पैसे नको होते, हे मला त्या बोलण्यातून समजलं. सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी मुंबईच्या धोबीतलावाजवळ कुण्या गोव्याच्या वादकाने त्यांच्या नवऱ्याला फसवलं होतं की नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. आणि ते सांगणारी मी.

दुसऱ्या दिवशी गोटमार. आमचं घर जाम नदीपासून बरंच लांब आहे, तरी दुपारभर तो आवाज येत राहतो आणि घरातली मुलं बाहेर सोडत नाहीत. तो दिवस मी सतरंजीवर गिटार घेऊन बसले.

मंडळी, तुमच्यापैकी कुणी जुना बास घ्यायला किंवा विकायला निघालं असेल तर मी काय पाहिलं ते सांगते. नाव सगळ्यात शेवटी पाहायचं. आधी मान. बासची मान लांब असते. नेहमीच्या मापात तार ३४ इंच, म्हणजे साडेशहाऐंशी सेंटिमीटरच्या जवळपास ताणलेली असते, आणि त्या चार जाड तारांचा ओढा मान वर्षानुवर्षं सोसत असते. आपल्याकडचा मे आणि आपल्याकडचा जुलै एकाच लाकडाने काढायचा म्हणजे चेष्टा नाही. पहिल्या पडद्यावर एका हाताने तार दाबायची, मान जिथे अंगाला जुळते तिथल्या पडद्यावर दुसऱ्या हाताने, आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत किती फट राहते ते बघायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट चांगली. तिथून बोट जात असेल तर मान वाकली आहे. वाकली म्हणून गिटार वाया गेलं असं नाही; मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिची चावी फिरवून मान सरळ करता येते. खरा प्रश्न ती चावी अजून फिरते का, हा. पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, पुन्हा तार जुळवून बघायचं. जोर लावून सळई मोडली तर दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीच्या वर जातो. मामाजींच्या गिटारची फट दीड-दोन कार्डांची होती आणि चावी, तेलाचा एक थेंब सोडल्यावर, कुरकुरत का होईना फिरली. मी तिथेच निम्मी जिंकले.

मग पडदे. पहिल्या पाच पडद्यांवर, जाड तारांखाली, खोबणी पडल्या होत्या. हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा बास बहुतेक तिथेच राहतो. पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ जे बास वाजवायचे ते ऐकून-ऐकून मामाजींनी बोटं बसवली होती. नोटेशन त्यांना येत नव्हतं. खोबणी घासून सारख्या करता येतात, पण त्याचे दोन-तीन हजार खरेदीदार वजा करणार हे धरून चालायचं. डोकं मानेला जिथे मिळतं तिथे नखाने चाचपायचं, तडा भरलेला असेल तर रंगाखाली उंचवटा लागतो. तिथे काही नव्हतं. खुंट्या गंजलेल्या, पण चारही फिरणाऱ्या.

वजन. घरात संत्र्यांचा काटा आहे. गिटार त्यावर ठेवलं तर पाच किलो दोनशे. मामेभावाच्या चेहऱ्यावर आनंद, जड म्हणजे भारी. पण जड म्हणजे जडच. चांगला बास साधारण चार किलोच्या आसपास असतो आणि साडेचारच्या वर गेला की वाजवणाऱ्याचा खांदा तक्रार करतो. शिवाय ज्या अमेरिकन बासचं नाव यावर होतं त्याचं अंग अ‍ॅश किंवा अल्डर नावाच्या लाकडाचं असतं. हे सागवान होतं. मागच्या बाजूला रंग उडाला होता तिथे रेषा आपल्या दारांच्या चौकटीसारख्या दिसत होत्या.

आणि मग नाव. भिंगातून पाहिलं. अक्षरं हाताने रंगवलेली होती, वरून वार्निश. शेवटच्या अक्षराची शेपटी जरा जास्तच वळलेली.

मामेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे डुप्लिकेट?"

मी म्हटलं, देशी. त्या काळात परदेशी वाद्य आणायचं तर परवाना, जबर आयात शुल्क. जहाजावरचे खलाशी, हॉटेलांत वाजवणारे, आखातातले नातेवाईक यांच्यामार्फत जे येईल ते येई. बाकी सगळे वादक देशी कारखान्यांतल्या गिटारवर शिकले आणि त्यांवरच कार्यक्रम केले. त्याला खोटं म्हणायचं कारण नाही. पण अडीच लाखही नाहीत.

आकडा कसा काढायचा? नव्याने शिकणारा मुलगा आज यामाहाचा किंवा आयबानेझचा सुरुवातीचा चार तारांचा बास वीस-पंचवीस हजारांत नवा घेतो, बिलासकट. तोच दोन वर्षं वापरलेला बारा-पंधराला मिळतो. म्हणजे बिन-नावाच्या, जड, पडदे झिजलेल्या जुन्या देशी बासला त्याच्या खूप खाली उतरावं लागणार. शिवाय इंटरनेटवर लोक जे आकडे लावतात ते त्यांना हवे असलेले आकडे असतात; वाद्य किती रुपयांना गेलं ते वेगळं शोधावं लागतं. भावाने पाहिलेल्या तीन लाखांच्या जाहिरातींपैकी एक मी दोन वर्षांपासून तशीच बघते आहे. मी कागदावर लिहिलं: सात हजार. मामींना दाखवलं नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. सात हजार देऊन मीच घेते, असं मी ठरवलं होतं. मामाजींची आठवण. मामींना तीनाऐवजी सात मिळतील, सगळ्यांचं समाधान.

रात्री सगळे झोपल्यावर मी पुढची पत्रावळीसारखी प्लॅस्टिकची तबकडी, म्हणजे पिकगार्ड, उघडली. आतली धूळ साफ करून, खरखरणाऱ्या बटणांत स्प्रे मारायचा एवढाच हेतू. आत दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आवाजाचा, एक टोनचा. त्यांच्या पाठीवर आकडे कोरलेले होते. दोन्हींवर एकच: १३७७३१८.

ज्यांना हा नाद आहे त्यांना हे आकडे वाचताच काय झालं असेल ते कळेल. इतरांसाठी: १३७ हा अमेरिकेतल्या सीटीएस या कंपनीचा क्रमांक. पुढचे ७३ म्हणजे १९७३ साल. शेवटचे १८ म्हणजे त्या वर्षाचा अठरावा आठवडा. जुन्या अमेरिकन गिटारची जन्मतारीख लोक अशीच काढतात. पोट कधी बनला ते कळतं, म्हणजे गिटार निदान त्याआधीचं नाही एवढं कळतं. मी पिकअप उलटा केला. तळ राखाडी, त्यावर शाईचा पुसट शिक्का. सत्तरच्या दशकातल्या फेंडरच्या पिकअपचे तळ असे राखाडी असतात, हे मी फोटोंत शेकडो वेळा पाहिलेलं. मामाजींचा मल्टिमीटर कपाटात होता. रेझिस्टन्स साडेदहा किलो-ओहमच्या वर. जिथे असायला हवा तिथे.

म्हणजे अंग सागवानी, नाव रंगवलेलं, पण आवाज जिथून निघतो तो भाग अस्सल अमेरिकन आणि माझ्याहून वयाने मोठा. बहुधा त्या गोव्याच्या वादकाचं परदेशी गिटार कधीतरी मोडलं असणार आणि त्याने आतला ऐवज काढून या देशी अंगात बसवला असणार. असं करण्याची तेव्हा रीतच होती, वस्तू मिळत नव्हत्या.

असा पिकअप एकटाच परदेशात दोन-तीनशे डॉलरला जाताना मी पाहिला आहे. माझा सात हजारांचा कागद शेजारी पडला होता.

मी स्क्रू परत बसवले, दिवा मालवला आणि झोपले. सकाळी मामींनी चहा देताना विचारलं, "समजलं का काही?" मी म्हटलं, "आवाज ऐकल्याशिवाय काही सांगता येत नाही." हे खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटते. एक अख्खा दिवस मी ते माझ्याजवळ ठेवलं. रात्रीच फोटो पुण्याच्या एका गिटार दुरुस्त करणाऱ्याला पाठवले होते, त्याचं उत्तर सकाळी आलं: "बहुतेक खरा आहे. हातात घेतल्याशिवाय शब्द देणार नाही."

आवाज ऐकायला बासचा अँप लागतो. घरातल्या म्युझिक सिस्टिमला बास कधी जोडू नका. त्या स्पीकरचे कागद या आवाजासाठी नसतात, फाटतात. पांढुर्ण्यात ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून सौसरला गेलो, मी आणि मामेभाऊ, मोटारसायकलवर, गिटार माझ्या पाठीला. वाटेत जामसावळीला हनुमानाचं दर्शन घ्यायचं भावाने ठरवलं, किमतीसाठी. तिथला मारुती निजलेला आहे हे सगळ्यांना माहीत आहेच. भाऊ म्हणाला, झोपलेल्या देवाकडे घाईचं काम मागू नये. पण हात जोडलेच.

सौसरला मामाजींच्या ऑर्केस्ट्राचे साउंडवाले काका राहतात. आता त्यांचा मुलगा मंडप आणि डीजेचा धंदा बघतो. त्यांनी गोदामातून एक जुना अँप ओढून काढला, बसमध्ये घेतात तसा मोठा श्वास घेतला आणि वायर जोडली. मी खालच्या ईवर बोट ठेवलं.

पाश्चात्त्य संगीतात ज्याला ई म्हणतात ती ही सगळ्यात जाड तार; सेकंदाला ४१ कंपनं. ती कानापेक्षा छातीला आधी ऐकू येते. गोदामातल्या पत्र्याच्या खुर्च्या एकमेकींवर खुळखुळल्या. काकांनी डोळे मिटले. "हाच," म्हणाले. "हाच आवाज होता त्याचा. दुसरे बास वाजाचे तं ढब-ढब करत. याचा गोल निघे."

मी त्यांना पिकअपचं सांगितलं. भाऊ माझ्याकडे बघत राहिला, कारण त्यालाही पहिल्यांदाच कळत होतं. काकांना मात्र काहीच नवल वाटलं नाही.

"त्याले माहीत होतं नं," ते म्हणाले. "आम्ही दोघंच गेलो होतो मुंबईले. त्या माणसानं सांगितलं, लाकूड इथलं हाये, मशीन बाहेरची हाये. याच्याजवळ एक जपानी बी दाखवाले ठेवला होता, चकचकीत. तुह्या मामानं दोन्ही वाजवून पाह्यले आणि हा घेतला."

"आणि नाव?"

काका हसायला लागले. "ते नाव तं त्यानं नागपूरले पेंटरकडून लिहून घेतलं. माह्यासमोर. म्हणे, देवळाले कळस पाहिजे. पन्नास रुपये घेतले पेंटरनं."

परतताना मी भावाला रात्रीचं सगळं सांगितलं, सात हजारांच्या कागदासकट. तो काही बोलला नाही. गावाच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली, संत्र्याच्या रोपवाटिकेजवळ, आणि एवढंच म्हणाला, "आईले तूच सांग."

मी सांगितलं. मामींनी पेंटरची गोष्ट दोनदा सांगायला लावली. पन्नास रुपयांचं ऐकून त्यांना राग आला. तो राग अगदी घरचा होता. "मले म्हणत होते कंपनीनंच नाव टाकून दिलं." मग पदराने डोळे पुसले. पाटल्यांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता विकायचं कसं? पिकअप आणि पोट काढून वेगळे विकले तर त्याचेच पंधरा-वीस हजार येऊ शकतात; मुंबई-बेंगळुरूला असे भाग शोधणारे आहेत. उरलेलं अंग दोन हजारांना जाईल किंवा जाणारच नाही. पैशाच्या हिशेबाने हाच मार्ग सरळ होता. मी तो मामींपुढे ठेवला, मनातून नको वाटत होतं तरी ठेवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याचा गळा काढून विकाचा?" तो मार्ग तिथे मिटला.

मग मी म्हटलं, मी घेते, वीस हजारांना. आणि इथे जे झालं ते मी धरलंच नव्हतं. मामी म्हणाल्या, "तू घेशीन तं मी पैसे कशी घेऊ? तशीच घेऊन जाय." भाऊ मान हलवू लागला. त्यांना वीस हजारांची गरज, माझ्याकडे वीस हजार, आणि मामा-भाचीच्या नात्यात ते मोजून देता-घेता येईनात. फीसाठी उसने देते म्हटलं तर तेही नको. आपल्यातली व्यवहाराची ही गाठ मला पुण्यात राहून विसरायला झाली होती. परक्याला विकलं तरच पैसे मोजून घेता येतात.

म्हणून जाहिरात लिहिली. मी लिहिली, मराठीत आणि हिंदीत, आणि सगळं खरं लिहिलं: देशी सागवानी अंग, डोक्यावरचं नाव हाताने रंगवलेलं, ते खरं समजू नये, पिकअप आणि पोट सत्तरच्या दशकातले अमेरिकन असावेत, फोटो सोबत, पडदे झिजलेले, वजन पाच किलो दोनशे. किंमत बावीस हजार. भाऊ म्हणाला, दोष कोण लिहितं? पण दूरचा खरेदीदार तासभर प्रवास करून येतो, आणि दोष त्याला इथे येऊन सापडला तर तो फक्त त्या दोषाचे पैसे कमी करत नाही, तुमच्या सगळ्याच बोलण्याचे करतो.

पहिला फोन आला तो एका "फौजी"चा. बदली झाली आहे, गिटार न बघता घेतो, पूर्ण पैसे आत्ताच पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. भावाने पिन टाकायला बोट नेलंच होतं. पैसे मिळवायला पिन लागत नाही, पैसे जायलाच लागतो. एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. दुसऱ्याने सात सांगितले. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, माझाच आकडा होता तो. तिसऱ्याने विचारलं, चोरीचं तर नाही ना?

हा प्रश्न अपमानाचा वाटतो, पण विचारावाच. बासच्या जगात चोरीच्या गोष्टी फार. जेम्स जेमरसन यांचा १९६२ चा प्रिसिजन बास १९८३ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधी चोरीला गेला. जाको पास्टोरियस यांचा जॅझ बास १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेला आणि वीसेक वर्षांनी उगवला. आणि पॉल मॅकार्टनींचा हॉफ्नर: १९६१ मध्ये हॅम्बुर्गला तीसेक पौंडांना घेतलेला, १९७२ मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरलेला. तो इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडला आणि मालकाकडे परत आल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. माळ्यावर! मामींना ही गोष्ट फार आवडली. आमच्याकडे पावती नव्हती, पण सौसरचे काका होते आणि १९८९ च्या गणपतीतला एक फोटो होता, ज्यात मामाजी, हे गिटार आणि मागे मंडळाचा फलक, तीनही स्पष्ट दिसतात. फोटोची प्रत जाहिरातीला जोडली. तुमच्या घरी वाद्य असेल तर त्याच्याबरोबर माणसाचा एक फोटो आजच काढून ठेवा.

चौथा फोन नागपूरच्या एका मुलाचा होता. तो नवरात्रातल्या कार्यक्रमांत वाजवतो. रविवारी सकाळच्या गाडीने आला, स्वतःचा छोटा हेडफोन-अँप घेऊन. त्याने नाव बघितलंच नाही. आधी मान, मग पडदे, मग बाराव्या पडद्यावर तार दाबून आणि नुसती टेकवून दोन्ही स्वर जुळतात का ते पाहिलं. मग कान झाकून वीस मिनिटं वाजवत बसला. मामी दारात उभ्या. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त बोटं दिसत होती.

घासाघीस झाली. तो सोळावर, मामी बावीसवर. पडद्यांचे तीन हजार त्याने वजा केले ते रास्त होते, मी तसं म्हटलं, तर मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा करायला आत गेले. आतून ऐकत होते. "माह्या दोन तोळ्याच्या पाटल्या हायेत त्यात," मामी म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "मावशी, पाटल्यांचे पैसे मी कुठून आणू? मला एका रात्रीचे दीड हजार मिळतात." शेवटी एकोणीसवर तुटलं. वर मामींनी त्याला एक पिशवी संत्र्याच्या बर्फीची दिली आणि एक अट घातली: नाव खरडायचं नाही. त्याने मान्य केलं, पण माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं की नाव रंगवलेलं आहे, उद्या त्यालाही विकायचं झालं तर. पोरगं व्यवहाराला पक्कं होतं. मीही खाली लिहिलं: खरेदी १९८७, धोबीतलाव, मुंबई, पाच हजार रुपये.

गिटार जुन्याच चादरीत गुंडाळून गेलं. उरलेले हजार मामींनी हळदीच्या डब्यातून काढले आणि नऊ तारखेला फी भरली.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी त्या मुलाने कार्यक्रमाचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं. मामींनी मला फोन केला. फोन कानाला लावून, मोठा करून, सगळं करून झालं होतं. "गाणं येते, पेटी येते, त्याईचं काहीच येत नाही," म्हणाल्या. मी सांगितलं, फोनच्या स्पीकरमधून एवढा खालचा आवाज निघतच नाही, मामी, ताईचे इअरफोन लावा. पलीकडे बराच वेळ शोधाशोध. खण उघडल्याचा आवाज, मामेबहिणीचं ओरडणं, मग शांतता. दोन मिनिटं मी पुण्यात रिक्षाच्या रांगेत तसाच फोन धरून उभी होते.

"आला," मामी म्हणाल्या. आणि परत पहिल्यापासून लावलं.